उमऱ्याला निघण्याआधी

बिनवासाचा साबण, कापडी मोजे, बीपीच्या गोळ्या असं एकेक करून तहसीन सासूच्या हातबॅगेत भरत होती, तेव्हा आतल्या कप्प्यात तिच्या बोटांना एक पट्टी लागली. तिनं ती बाहेर काढून पाहिली आणि आधी तिला हसूच आलं. पाळी लांबवायच्या गोळ्या. उमऱ्याच्या यात्रेला निघालेल्या प्रत्येक तरण्या बाईकडे या असतातच. तिथं पोचल्यावर, काबाभोवती तवाफच्या फेऱ्या घालायच्या दिवशीच अंगावरून गेलं तर हॉटेलच्या खोलीत बसून राहावं लागतं. तहसीननंही तिच्या उमऱ्याच्या वेळी घेतल्या होत्या. आपल्याच उरलेल्या असतील, असं म्हणून तिनं पट्टी उलटली. तारीख नवी होती. आणि अर्ध्या गोळ्या संपलेल्या होत्या.

सासूची, अम्मींची, पाळी तहसीनच्या अरीबाच्या जन्माआधीच गेली होती. अरीबा आता चौथीत होती.

पट्टी हातात धरून तहसीन पलंगावर बसली. बाहेर हॉलमध्ये दावतीचा गलका होता. गुरुवारी अब्बा आणि अम्मी निघणार म्हणून खेडहून, पनवेलहून माणसं आली होती. चाळ पाडून टॉवर झाला तरी जुने शेजारी सुटले नव्हते. उर्मिलाकाकी आणि त्यांची डॉक्टर मुलगी अनुजा सकाळीच येऊन बसल्या होत्या. आखणी पुलावाचा वास लिफ्टपर्यंत गेला होता.

तहसीनला बघत राहायची सवय होती. नवरा जुनैद तिला घरातला सीसीटीव्ही म्हणायचा. पोरगी दोनदा खोकली की तिसऱ्यांदा खोकायच्या आत हिचा हात तिच्या कपाळावर. त्यामुळे तिनं पाहिलं होतं, की गेले काही महिने जोहरच्या, दुपारच्या नमाजाच्या, वेळेला सगळ्या बायकांचे मुसल्ले अंथरले जातात आणि अम्मींचा खुर्चीच्या पाठीवर तसाच घडी घातलेला राहतो. बायकांच्या घरात याबद्दल कोणी काही विचारत नाही. पाळीत नमाज नसते; त्या घडीतच उत्तर असतं. पण अम्मींच्या बाबतीत ते उत्तर लागू नव्हतं, म्हणून ती गुडघेदुखी असं धरून चालली होती. अम्मी स्वतःचे कपडे मशीनला न टाकता बादलीत वेगळे धुतात, हेही तिनं पाहिलं होतं. दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून मात्र आजच पाहिल्या.

"अम्मी, जरा आत येता?"

खैरुन्निसा आत आल्या त्या गळ्यात मोगऱ्याचा हार घेऊनच. सुनेच्या हातातली पट्टी पाहून त्यांनी मागं दार लोटलं.

"ठेव ती जिथं होती तिथं."

"ह्या तुम्ही घेताय?"

"नाय, शोभेला ठेवल्यात." त्या हार काढू लागल्या, तो केसात अडकला. "पाळी परत सुरू झालीय. होतं असं. माझ्या मामीचं झालं होतं."

"मग मामींचं पुढं काय झालं?"

खैरुन्निसांनी हार सोडवला आणि त्याचे दोन-चार पिचलेले कळे पलंगावर टाकले. मामीचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

"कधीपासून आहे, अम्मी?"

"रमजानच्या आधीपासून. आधी मधूनच यायचं. आता बंदच होत नाय. म्हणून तर गोळी. शमीमनंच आणून दिली, तिला म्हटलं खेडच्या जावेच्या सुनेसाठी पाहिजे." त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ गो. पाच वर्षं भिशी लावून आम्ही निघालोय. काबासमोर जाऊन मी नापाक बसून राहू? एवढे दिवस कळ काढ. आल्यावर मला कुठं न्यायचं तिथं ने."

"अनुजाताई बाहेर बसल्यात. मी फक्त त्यांना–"

"खबरदार."

दार उघडलं ते नणंदेनं. शमीम सरबताचे ग्लास शोधायला आली होती. आईचा चेहरा, भावजयीच्या हातातली पट्टी आणि पट्टीवरचं ओळखीचं नाव, एवढं एका दमात पाहून ती म्हणाली, "म्हणजे ह्या जावेच्या सुनेसाठी नव्हत्या."

"तू ग्लास घेऊन जा," आई म्हणाली.

शमीम गेली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग तहसीनवरच वळली. "तुला दुसरं काही सुचतच नाही का गं? मागच्या महिन्यात दहा वर्षांच्या पोरीला कसली ती लस द्यायची म्हणून घर डोक्यावर घेतलंस. आज अम्मीची पाळी. तुझ्या त्या शाळेच्या ग्रुपवर बायका उठता-बसता कॅन्सर कॅन्सर करतात, आणि तू–"

शमीम थांबली. तो शब्द तहसीननं उच्चारलाच नव्हता.

मग शमीमच जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आणि तो आपल्यात होत नाही. पुरुषांची सुंता असते म्हणून. मी वाचलंय."

"मग ते वाचलेलं अनुजाताईंना दाखवून घेऊ," तहसीन म्हणाली आणि बाहेर गेली. सासूची आज्ञा तोंडावर मोडायची तिची ही पहिलीच वेळ होती.

*

अनुजा एकटी आली असती तर खैरुन्निसांनी तिला दोन गोड शब्द बोलून परत पाठवलं असतं. चाळीत हिच्या नाकातला शेंबूड त्यांनी पदरानं पुसला होता. पण अनुजाच्या मागोमाग काठी टेकत रुकय्या फुफी आत आल्या आणि दाराशेजारच्या खुर्चीवर बसल्या. रुकय्या म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. गल्लीतल्या बायका नमाजरोज्याचे मसले, म्हणजे नियम, विचारायला त्यांच्याकडे यायच्या. आता आपलं जाणं रद्द, असं खैरुन्निसांना वाटलं. ही बाई ऐकताक्षणी म्हणणार, नापाक अंगानं निघालीसच कशी?

अनुजानं थोडकेच प्रश्न विचारले. किती, कसं, दुखतं का, वास येतो का. खैरुन्निसा भिंतीकडे बघून उत्तरं देत राहिल्या.

"काकी, पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर आलेलं रक्त म्हणजे पाळी नव्हे. ते का येतंय हे आतून बघितल्याशिवाय कळत नाही. गर्भपिशवीच्या तोंडाशी साधी सूज असू शकते, किंवा दुसरं काही. उद्या सकाळी माझ्या क्लिनिकला या. चालत पाच मिनिटं."

"तुला सांगते, आपल्यात–" शमीमनं सुरुवात केली.

"सुंतेमुळे धोका थोडा कमी होतो असं दिसलंय, शमीम. कमी. संपत नाही. आपल्यात होत नाही असं धरून कोणी तपासायलाच येत नाही, मग जी येते ती फार उशिरा येते. मला दोन्ही दिसतात, तुमच्यातल्या पण आणि आमच्यातल्या पण."

"आणि तिची ती लस?" शमीमनं तहसीनकडे हनुवटी केली.

"त्याच विषाणूची. तो पोचायच्या आधी द्यायची, म्हणून लहानपणी."

"पोचायच्या म्हणजे कुठून?"

अनुजानं क्षणभर खैरुन्निसांकडे पाहिलं. "नवरा-बायकोच्या संबंधातून. जवळजवळ सगळ्यांनाच कधी ना कधी लागतो, बहुतेकींचं शरीर त्याला आपोआप हाकलून देतं. एखादीचं देत नाही. मग तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. यात कोणाच्या वागण्याचा हिशोब नाही, काकी. सगळं आयुष्य एकाच नवऱ्याबरोबर काढलेल्या बायका माझ्याकडे येतात."

एकाच नवऱ्याबरोबर. खैरुन्निसांनी हातातला मोगरा खाली ठेवला. त्या वाक्याला आणखी एक अर्धं होतं आणि ते अनुजा बोलली नव्हती. खोलीतल्या प्रत्येक बाईनं ते मनात पुरं केलं असणार, असं त्यांना वाटलं. त्यांचा नवरा कमरुद्दीन परकार उभं आयुष्य जहाजावर होता. नऊ-नऊ महिने. आला की मुंबादेवीच्या बाजारातून सगळ्यांना कपडे आणि बायकोला अत्तर. एका खेपेला तो ट्रंकेच्या तळाशी औषधाची बाटली लपवून घेऊन आला होता. खैरुन्निसांना ती दिसली आणि त्यांनी विचारलं नाही. तेव्हा नाही, नंतर कधीच नाही. पोरं मोठी झाली, लग्नं झाली, अब्बा सगळ्यांचे लाडके अब्बा झाले. डॉक्टरच्या टेबलावर झोपायची त्यांना लाज नव्हती. तीन बाळंतपणं सरकारी इस्पितळात झाली होती, तिथंच सगळी लाज संपली होती. पण त्या टेबलावरून आजाराचं जे नाव खाली उतरेल, ते ऐकून घरात सगळे एकदा त्यांच्याकडे बघतील आणि मग त्याच्याकडे. एवढं सांभाळून नेलेलं शेवटी असं उघडं पडायचं?

"मी आल्यावर करीन," त्या म्हणाल्या. "आता तोंड बंद. सगळ्यांनी."

"नमाज पढतेस?" खुर्चीतून रुकय्या फुफींनी विचारलं.

"कशी पढू? ह्या अवस्थेत?"

"किती दिवस गेलेत म्हणालीस?"

"आता महिन्याच्या वर. थांबतच नाय."

"माझ्या बाय," फुफी म्हणाल्या, "एवढी वर्षं माझ्या बाजूला बसून पाठ ऐकलास आणि एवढं नाय समजलीस? पाळीचं रक्त पंधरा दिवसांच्या पुढं जात नाय. पुढं गेलं की त्याचं नाव दुसरं. इस्तिहाजा. बीमारीचं रक्त. त्यात नमाज सुटत नाय, रोजा सुटत नाय. दर नमाजला हातपाय धुवून ताजा वजू करायचा आणि पढायची. तवाफ पण होतो. गोळी कशाला खाल्लीस?"

रमजानचे सुटलेले रोजे, पहाटेच्या नमाजा, सगळं खैरुन्निसांच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"माझ्याकडं आली असतीस तर त्याच दिवशी सांगितलं असतं, की ह्याला बीमारी म्हणतात," फुफी म्हणाल्या. "आणि बीमारीला डॉक्टर." मग शमीमकडे वळून, "तू ग्लास शोधायला आली होतीस ना? का तुझी पण पाळी तपासायची आहे?"

शमीम हसली नाही, पण तिनं आईशेजारी बसून तिचा हात धरला. "जाऊ या ना, अम्मी," ती म्हणाली. "मी गोळ्या आणून दिल्या. न विचारता."

तहसीन दाराला टेकून उभी होती. तिनं रात्री जागून पाठ केल्यासारखी वाक्यं डोक्यात रचली होती, त्यातलं एकही लागलं नव्हतं. ज्या बाईची तिला सगळ्यात जास्त भीती होती तिनंच, फुफींनीच, वाट मोकळी करून दिली होती. तरी अम्मी 'हो' म्हणत नव्हत्या. शरमेपलीकडे काहीतरी होतं, आणि ते काय हे तहसीनला तेव्हा दिसलं नाही. तिला दिसलं ते एवढंच, की दाराच्या फटीतून पांढऱ्या कुर्त्याची एक बाही हलली आणि नाहीशी झाली.

*

कमरुद्दीन बायकांना बोलवायला आला होता. मंडळी थांबली होती, जेवणाआधी माफी उरकून घ्यायची होती. दारावर हात ठेवला तेव्हा आत अनुजा बोलत होती, आणि तो हात त्यानं तसाच मागं घेतला.

तो पॅसेजमध्ये उभा राहिला. वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो, ती म्हणाली होती. त्याला एकही बंदर आठवायचं नव्हतं, म्हणून सगळी आठवली. खैरून काय बोलते ते ऐकायला तो थांबला. ती रडेल, नाहीतर त्याचं नाव घेईल. ती म्हणाली, मी आल्यावर करीन, सगळ्यांनी तोंड बंद. त्याला ते नीट कळलं. ती कोणासाठी सगळ्यांची तोंडं बंद करत होती, हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं, आणि बाहेर त्याला.

"अब्बा, सगळे वाट बघतायत," जुनैदनं हॉलमधून हाक मारली.

माफी ही निघायच्या आधीची रीत. अल्लाच्या घरी जाण्याआधी माणसांचं देणं-घेणं मिटवायचं. कमरुद्दीननं मोठ्या बहिणीपासून सुरुवात केली. "बोललं-चाललं माफ कर, बेन." रुकय्या फुफींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "लहानपणी माझी बोरं चोरून खायचास, तेवढं सोडून माफ." हॉल हसला. मग शमीम, जुनैद, खेडचे चुलतभाऊ. उर्मिलाकाकींना तो म्हणाला, "वहिनी, चाळीच्या नळावरून भांडलो होतो," आणि काकी म्हणाल्या, "ते पाणीच आता राहिलं नाही भावजी, भांडण कशाचं धरू?" अरीबाला त्यानं वाकून माफी मागितली, ती लाजून आईच्या मागं लपली.

बायको शेवटी, असा रिवाज. खैरुन्निसा बाकीच्या बायकांबरोबर येऊन उभ्या होत्या, ओढणी नीट सारखी करून. मुलं मोबाईल वर धरून व्हिडिओ काढत होती. इथं नेहमी कोणीतरी थट्टा करतं आणि बायको लाजून 'माफ केलं' म्हणते, म्हणून सगळे आधीच हसायला तयार होते.

"खैरून," कमरुद्दीन म्हणाला, "बोललं-चाललं माफ कर." तो थांबला. त्याचा हात गळ्यातल्या हाराला गेला. "आणि न बोललेलं पण."

न बोललेलं पण, हे कोणी म्हणत नाही. रीतीत ते नाही. खैरुन्निसांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो दारापाशी उभा होता हे त्यांना समजलं. इतकी वर्षं त्या ज्याच्यावर पांघरूण घालत आल्या होत्या, तो माणूस स्वतःच एक टोक हातात धरून उभा होता. आता झाकायचं कोणासाठी?

"आज नाय," त्या म्हणाल्या.

हसायला तयार झालेल्यांपैकी एक-दोघे हसले आणि गप्प झाले.

"अगं, असं काय," खेडची चुलतजाऊ म्हणाली. "सफरला निघालीस."

"सफरचं नंतर." खैरुन्निसांचा आवाज त्यांना स्वतःला वाटला त्यापेक्षा शांत निघाला. "अनुजा, उद्या किती वाजता येऊ?"

"दहाला, काकी."

"हे पण येतील. बाहेर नाय बसायचे. तू जे बोलशील ते दोघांना बोल."

"येतो," कमरुद्दीन म्हणाला.

रुकय्या फुफींनी काठी जमिनीवर आपटली. "आखणी थंड होतेय. पोरींनो, वाढायला घ्या."

*

दुसऱ्या दिवशी क्लिनिकच्या बाकड्यावर तहसीन आणि शमीम शेजारी बसल्या होत्या. काल रात्रीपासून शमीम तिच्याशी जास्तच गोड बोलत होती, तहसीनला तेही धास्तीचंच वाटत होतं.

"ती लस," शमीम भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत म्हणाली, "माझ्या मोठीला पंधरावं लागलं. चालते?"

"चालते. डोस वाढतात बहुतेक. आपण विचारू."

"विचार तूच. मला नीट विचारता येत नाही, मी भांडते."

अम्मींचं नाव पुकारलं तेव्हा सवयीनं तहसीन उठली. अब्बा तिच्या आधीच उठले होते. ते आत गेले आणि दार लागलं.

बराच वेळ लागला. मग अनुजानं दोघींनाही आत बोलावलं. अम्मी टेबलाच्या कडेला बसून सलवारची नाडी बांधत होत्या, अब्बा त्यांच्या डोक्याशी उभे होते. तसेच, पडद्याच्या आतल्या बाजूला. तपासणीभर ते तिथंच उभे राहिले होते, हे तहसीनला त्यावरून कळलं.

"गर्भपिशवीच्या तोंडाशी एक जखम आहे," अनुजा म्हणाली. "हात लावला की रक्त येतं. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवलाय. रिपोर्ट येईपर्यंत मी त्याला नाव देणार नाही, तुम्हीही देऊ नका. आज मला फार पसरलेलं वाटत नाही, पण वाटण्यावर औषध देता येत नाही. गुरुवारी मात्र निघू नका, काकी. त्या गोळ्यांनी रक्त थोडं थांबलं असतं आणि आपल्याला आणखी महिनाभर काही कळलं नसतं."

शमीमनं तोंडाला ओढणी लावली.

अम्मी नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही जाऊन या. दोघांचे पैसे का फुकट घालवायचे. तुमचं तरी होऊ दे."

"एकटा जाऊन तिथं काय मागू?" अब्बा म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या पांढऱ्या कागदाकडे बघत होते. "जिच्याकडून माफी मिळवायची ती इथं परळच्या इस्पितळात."

खैरुन्निसांनी चपला शोधल्या. पायानं चाचपून एक घातली, दुसरी टेबलाखाली गेली होती. ती काढायला कोणी वाकायच्या आत त्यांनीच वाकून ओढली. उभ्या राहिल्या, तेव्हा एकदा डोळे मिटले आणि उघडले.

"फोन लावा टूरवाल्याला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पुढची तारीख द्या म्हणावं, दोघांची. रद्द नका म्हणू."